सोजराबाईंची आणेवारी

इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या अलीकडं, एक सामाईक विहीर आहे. विहीर एक, मोटर एक आणि मालक चार. आता अशी विहीर म्हटली की पुढचं तुम्हाला सांगायला नको. सख्खे भाऊ तोंडं फिरवतात, बायका बांधावर उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करतात, आणि शेवटी कोर्टात तारखा पडत राहतात. पण ह्या विहिरीवर गेल्या पन्नासेक वर्षांत कुणी कुणावर खोरं उगारलेलं नव्हतं. ही सगळी सोजराबाईंची करणी. खोटं वाटत असेल तर आधी त्या विहिरीचा कायदा समजून घ्या, मग तुम्हीही बाईंना मानाल.

विहीर सोळा आण्यांची. म्हणजे पाण्यावरचा हक्क सोळा वाट्यांत मोजायचा. सोपानरावांचे सहा आणे. ते सोजराबाईंचे चुलतदीर, रान मोठं आणि आवाज त्याहून मोठा. रशीदभाईंचे चार आणे. त्यांच्या वडिलांनी इथं जमीन घेतली तेव्हा विहिरीतला वाटाही तिच्याबरोबर आला. सोजराबाईंचे चार. आणि भावकीतल्या पोपटचे दोन, कारण वाटण्या होता होता त्याच्यासाठी उरलं तेवढंच. सोलरची लाईन झाल्यापासून शेतीची लाईट दिवसा मिळते, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आठ तासांचे सोळा आणे, म्हणजे आण्याला अर्धा तास. इथवर सगळं सोपं.

पण लाईट कधी सरळ वागली आहे का हो? कधी दोन तास उशिरा येते, कधी मधेच डोळा मिटते आणि मनाला येईल तेव्हा उघडते. दुसऱ्या विहिरींवर अशा वेळी ज्याची पाळी चालू असेल तो बुडतो. इथं तसं चालत नाही. इथला नियम असा की लाईटीचा तोटा सगळ्यांचा, आणि तोही आणेवारीनं, ज्याचे जेवढे आणे तेवढा. हातात जेवढा वेळ राहिला तेवढा पुन्हा सोळांत वाटायचा. म्हणजे रोज नवी वाटणी आणि रोज नवा हिशेब. हा हिशेब सोजराबाई तोंडी सांगायच्या. त्यांनी आकडा सांगितला की विषय संपला.

हे काम त्यांच्याकडं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. त्यांचे वडील दौंडच्या बाजारात मापाडी होते. काट्याशेजारी पोत्यावर बसून ही पोर पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव-अर्ध्या-पाऊणाचे पाढे ऐकायची आणि ऐकता ऐकता तिला ते पाठ झाले. चौथीनंतर शाळा सुटली, पण पाढे काही सुटले नाहीत. लग्न होऊन इनामगावात आली तेव्हा वय कोवळं. एके दिवशी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानात गेली तर विहिरीवर सासरे आणि चुलतसासरे एकमेकांच्या गळ्यापर्यंत आलेले. लाईट दुपारी आलेली, चारच तास हातात राहिलेले, आणि कुणाला किती ह्यावरून दोघांच्या हातात खोऱ्याचे दांडे. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "आण्याला पाव तास. थोरल्या मामंजींस्नी दीड तास, आपल्याला एक."

नव्या सुनेनं थोरल्यांच्या मधे तोंड घालायचं, म्हणजे काय झालं ते! सासऱ्यांचे डोळे लाल. पण चुलतसासऱ्यांनी बोटांच्या पेरांवर एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, आणि दांडा खाली टाकून म्हणाले, "पोरगी बरोबर सांगतीय." त्या दिवसापासून विहिरीवर घोडं अडलं की माणूस सोजराबाईंच्या दारात यायचा. पुढं पुढं त्या स्वतःच लाईटीच्या वेळेला विहिरीवरच्या लिंबाखाली जाऊन बसायच्या. लाईट आली की मोटरच्या पेटीतला दिवा लागायचा आणि बाईंच्या तोंडून आकडे पडायचे. लाईट एक तास वीस मिनिटं उशिरा? आण्याला पंचवीस. सोपानराव अडीच तास, रशीदभाई एक तास चाळीस, पोपट पन्नास मिनिटं. विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. लोकांनी तोंडात बोटं घालावीत अशी गोष्ट, पण रोजचीच झाली म्हणून कुणी घालत नव्हतं एवढंच. आणि एक सांगतो, स्वतःची पाळी त्यांनी कायम शेवटी ठेवली. काही बिघडलं तर आपल्या जनावरांच्या घासाचं बिघडू दे, दुसऱ्याच्या कांद्याचं नको.

आता बाईंनी सत्तरी ओलांडली. आणि वर्षभरापासून एक गोष्ट घडायला लागली, जी त्यांच्याशिवाय कुणालाच कळली नव्हती. आकडा उशिरा यायला लागला. पूर्वी उत्तर ओठांवरच उभं असायचं. आता ते घरातच असायचं, पण आतल्या खोलीतून उठून दारापर्यंत यायला त्याला वेळ लागायचा. सोजराबाई वाट बघायच्या. पलीकडून विचारणाराही वाट बघायचा.

एकदा सोपानराव हसत हसत बोलून गेले, "वहिनींचं नेटवर्क गेलं वाटतं!" बोलण्यात वाईट काही नव्हतं. सोपानराव हे असेच, जिभेला हाड नसलेला माणूस. पण बाईंना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी काय केलं माहितेय? परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा अभ्यास सुरू केला! पहाटे चुलीपुढं बसून घोकायच्या, लाईट अर्धा तास उशिरा आली तर कुणाला किती, तास उशिरा आली तर किती, दीड तास, दोन तास. सगळी उत्तरं आधीच तयार. मग विहिरीवर कुणी विचारलं की फटकन सांगायच्या आणि सोपानरावांकडं बघायच्या. सोपानरावांना वाटलं, वहिनी पुन्हा तरण्या झाल्या. सून राजश्रीला मात्र शंका आली होती. चहा उकळून ऊतू जातोय आणि सासूबाई चुलीकडं बघत स्वतःशीच पुटपुटतायत, हे तिनं दोन-चारदा पाहिलं होतं. बाईंचा मुलगा दत्ता शिक्रापूरला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी, त्याला सांगून उपयोग नव्हता.

चैत्रातली गोष्ट. ऊन असं की दुपारी कुत्रीही सावली सोडत नव्हती. पोपटनं नुकतीच झेंडूची रोपं लावली होती, तळहाताएवढी. त्या दिवशी लाईट उगवली अकरा चाळीसला. ही वेळ बाईंच्या अभ्यासात नव्हती. आणि पोपट पेटीपाशी घायकुतीला आलेला, "काकू, माझं पयलं लावू द्या. रोपं माना टाकत्यात. माझं किती?"

पलीकडं सोपानराव उभे. बाईंनी मनात धावाधाव सुरू केली. पाच तास वीस मिनटं. म्हंजी तीनशे वीस. सोळा आणे. सोळा विसे तीनशे वीस! आणि वीस हा आकडा इतका पटकन आला, पूर्वीसारखा, न बोलावता आला, की त्या आनंदातच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वीस मिनटं!"

अहो, वीस हे एका आण्याचे. पोपटचे आणे दोन. त्याला मिळायला हवी होती चाळीस मिनिटं. पण आनंदाच्या भरात ती शेवटची दुप्पट करायची राहिली. आणि पोपट बिचारा! त्याच्या बापानं कधी ह्या आकड्यावर शंका घेतली नव्हती, त्यानं कशाला घ्यावी? वीस मिनिटं झाली, खालच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोचलंही नव्हतं, तरी त्यानं मुकाट्यानं कॉक बंद केला आणि घरी गेला. बाकीच्यांचे आकडे बाईंनी सावकाशीनं सांगितले, ते बरोबर आले.

संध्याकाळी सोजराबाई भाकरी थापत होत्या. राजश्री रानातून आली आणि पाय धुता धुता सहज म्हणाली, "आत्या, आज गंमतच झाली. आपली पाळी संपली तरी लाईट हुतीच. वीस मिनटं उरली. मी आपली मोटर बंद करून आले."

वीस मिनटं उरली. त्या विहिरीवर कधी मिनिट उरलं नव्हतं. बाईंचा हात तव्यावर तसाच राहिला. भाकरी करपली, धूर झाला, राजश्री धावत आली. तोवर बाईंनी पायांत चपला सरकवल्या होत्या.

लपवता आलं असतं. पोपटला कळणार नव्हतं, सोपानरावांना कळणार नव्हतं. लाईटीवर ढकललं असतं तर लाईट काय साक्ष द्यायला येणार होती? पण ही बाई तडक पोपटच्या अंगणात जाऊन उभी राहिली. पोपटची बायको नकुशी पाणी घेऊन आली, तिच्या हातचा तांब्या न घेताच म्हणाल्या, "पोपट, तुजं चाळीस हुतं. मी वीस सांगितलं. चूक माजी हाय. उद्या लाईट आली की पयली माजी पाळी तुला."

पोपट म्हणाला, "असू द्या काकू." पण त्याचं तोंड उतरलं, ते बाईंनी पाहिलं.

आणि दैव बघा, दुसऱ्या दिवशी डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मरच जळाला. लाईटच नाही. एक दिवस नाही, दुसराही दिवस नाही. सोजराबाईंनी घरच्या हौदातलं पिण्या-वापरायचं पाणी उपसायला काढलं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पाठीमागं राजश्री, तिच्या मागं नकुशी. सत्तरी उलटलेली बाई त्या उन्हात बांधावरून ये-जा करत होती आणि एकेका रोपाच्या बुडाशी तांब्यानं पाणी घालत होती. पोपट हात जोडून म्हणाला, काकू बास करा, मला पाप लागंल. ऐकतंय कोण! अर्धी रोपं वाचली. अर्धी गेली ती गेली. त्यांच्याकडं बघून बाई बांधावरच बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. सोजराबाई रडल्या हे त्या शिवारानं त्यांचा नवरा गेल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर हेच.

नवी डीपी बसली, लाईट आली, तशा त्या विहिरीवर गेल्या आणि सगळ्यांना सांगून आल्या, "आजपास्नं मला इचारू नका. माजं डोस्कं ऱ्हायलं न्हाई."

घरी आल्या आणि खरोखरच सगळं सोडलं. भाकरी किती करू म्हणून राजश्रीनं विचारलं तर म्हणायच्या, तूच बघ. दुधाचं माप राजश्रीनं घ्यायचं, बी-बियाण्याचा अंदाज राजश्रीनं करायचा. बाई नुसत्या ओसरीत बसून. मनातली भीती एकदा रात्रीच्या जेवणाला बसताना बाहेर आली. "राजश्री, माजं पारूवाणी व्हनार गं."

पारू म्हणजे त्यांची थोरली बहीण पार्वतीबाई, कासुर्डीला दिलेली. शेवटची काही वर्षं तिला पोटची पोरं ओळखू येत नव्हती. सोजराबाई भेटायला गेल्या तर तिनं विचारलं होतं, बाई, तुमी कुनाच्या? त्या कासुर्डीहून घरी येईपर्यंत वाटभर रडत आल्या होत्या. आता त्यांना वाटत होतं की पारूचंही असंच सुरू झालं असणार, आधी आकडे गेले असतील, मग नावं, मग माणसं. आपला मुलगा समोर येऊन बसेल आणि आपण त्याला विचारू, बाबा, तू कोन? हे ऐकून राजश्रीचंही धाबं दणाणलं. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं स्कुटी बाहेर काढली, सासूला पाठीमागं बसवलं आणि थेट शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी आज वार कोणता, महिना कोणता, इथं कशा आलात, असं विचारलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाल्या, "आजी, शंभरातून सात गेले किती? आणि जे उरतील त्यातून परत सात, असं सांगत चला."

सोजराबाई ताठ झाल्या. टेबलावर घड्याळ होतं, त्याचा काटा टिकटिक करत होता. "त्र्याण्णव," त्या भरकन म्हणाल्या. "शहाऐंशी. अठ्ठ्याहत्तर."

अठ्ठ्याहत्तर म्हटलं आणि त्यांना तिथंच कळलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "एवढी घाई का केलीत?"

"उशीर लावला तं तुमी म्हनाल, म्हातारीचं डोस्कं गेलं."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं घड्याळ उचललं आणि भिंतीकडं तोंड करून ठेवलं. "मला काही घाई नाही. बाहेर बसलेल्यांना बसू दे. पुन्हा सांगा."

बाईंनी डोळे मिटले. "त्र्याण्णव." थांबल्या. "शहाऐंशी." बराच वेळ काही नाही. मग, "एकोणऐंशी." आणि पुढं, एकेक पाऊल चाचपत उतरावं तशा, "बाहत्तर. पासष्ट." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान, एवढं पुरे." पण बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं! डॉक्टरला! "अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन." डोळे उघडले. "आता सात जात न्हाईत."

डॉक्टरीणबाई मोकळेपणानं हसल्या. मघाचे तीन शब्द विचारले, तेही बाईंनी सांगितले. मग त्या खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "आजी, तुमचं डोकं गेलेलं नाही. सावकाश झालंय. वय झालं की साधी बेरीज-वजाबाकीसुद्धा पूर्वीच्या वेगानं होत नाही, भल्याभल्यांची होत नाही. माझीही आता होत नाही. तुमच्या बहिणीचं दुखणं वेगळं होतं. हिशेब उशिरा होणं वेगळं आणि हिशेब हरवणं वेगळं. तुमची चूक घाईनं झाली. सहा महिन्यांनी परत या, मी पुन्हा बघीन. रस्ता चुकायला लागलात किंवा माणसं ओळखू येईनात तर मात्र लगेच या."

परतीच्या वाटेवर स्कुटीवर मागं बसलेल्या बाईंचे ओठ हलत होते. राजश्री आरशातून बघत होती. ह्या वेळी तिला त्या पुटपुटण्याची भीती वाटली नाही.

इकडं विहिरीवर काय चाललं होतं ते आता सांगायला हवं. बाईंनी काम सोडल्यावर मोबाईल होतेच. पहिले काही दिवस झकास गेले. मोबाईल बिचारा चुकत नाही. पण मोबाईल तीन आणि त्यांना सांगणारे तिघं. लाईट कधी आली, ह्यावरच तिघांचं एकमत नाही. सोपानराव म्हणणार, दिवा लागला तेव्हापासून धरा. पोपट म्हणणार, मधे दोनदा ट्रिप झाली ती वजा करा. रशीदभाई म्हणणार, मोटरनं पाणी उचललं तिथून खरं. ज्यानं त्यानं आपापली वेळ घातली आणि ज्याला त्याला आपापलं बरोबर उत्तर मिळालं. पूर्वी लिंबाखाली बसून दिव्याकडं डोळ्यांत तेल घालून बघणारं एकच माणूस होतं, म्हणून भांडण नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

स्कुटी विहिरीजवळ आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. लाईट होती आणि मोटर बंद. सोपानरावांनी पेटीवर हात ठेवलेला, कुणाला खटका ओढू देईनात. पोपटच्या हातात खोरं, आणि ते जमिनीवर टेकलेलं नव्हतं. वर उचललेलं होतं. उरलेल्या झेंडूपायी माणूस पिसाळला होता. रशीदभाई दोघांच्या मधे आडवे हात करून उभे.

"पोपट!" सोजराबाई स्कुटी थांबायच्या आधीच ओरडल्या. "खोरं खाली ठेव!"

पोपटनं खोरं खाली ठेवलं. सोपानराव तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "भावजी, तुमी बी गप बसा. मागचं कुनाचं काय धरायचं न्हाई. मोटर बंद ऱ्हाऊ द्या. बाराच्या ठोक्याला चालू व्हईल. बारा ते पाच, तेवढंच वाटायचं." मग त्या थांबल्या. पुढचं वाक्य बोलणं किती जड होतं, हे त्यांनाच ठाऊक. पन्नासेक वर्षं ज्या विजेसारख्या बोलल्या, त्यांना चार माणसांत हे सांगायचं होतं. "हिशेब मी करते. पर मला आता येळ लागतो. पयल्यावानी व्हत न्हाई. बारा वाजंस्तवर मला कुनी बोलायचं न्हाई."

"आन् तवर लाईट फुकट जाती तिचं काय?" सोपानरावांनी विचारलंच.

"माज्या चार आण्यांतनं कापा."

हे ऐकून रशीदभाई पुढं आले. शांत माणूस, वर्षातून दोनदा मोठ्यानं बोलणारा. "का कापायचं? लाईट जाती तवा तोटा कुनाचा असतो, सोपानराव? सगळ्यांचा. आणेवारीनं. मंग ह्यो बी तसाच धरा. वहिनींचं वय काय एकट्या वहिनींसाठी झालंय का? आमच्या हिशेबापायीच झालंय." बाईंनी मान दुसरीकडं वळवली.

सोपानराव कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हंजी सगळ्यात जास्ती माजंच जानार, सहा आणे!" आणि पेटीवरचा हात काढून लिंबाखाली फतकल मारून बसले. पोपट बसला. रशीदभाई बसले. राजश्री स्कुटीला टेकून उभी राहिली.

सोजराबाईंनी डोळे मिटले. पाच तास म्हंजी तीनशे मिनटं. इथवर ठीक. तीनशेत सोळा किती? सोळा पंधरे दोनशे चाळीस. साठ उरले. साठात सोळा तीनदा, अठ्ठेचाळीस. म्हंजी अठरा. आन् उरले बारा. बारा. बारा मिनटं आन् सोळा आणे. इथं सगळं थांबलं. समोर नुसता अंधार. जुनी सवय आतून ढकलायला लागली, अठरा म्हण, एकोणीस म्हण, काहीतरी म्हण, लोक बघतायत! बाईंनी तोंड घट्ट मिटून ठेवलं. बारा. सोळा. लिंबावर कुठंतरी होला घुमत होता. कुणी हललं नाही, सोपानरावसुद्धा नाही, आणि सोपानरावांना ओळखणाऱ्याला विचारा की ही केवढी गोष्ट होती. चार-चार करून बघू. बारा म्हंजी तीन चोक, सोळा म्हंजी चार चोक. चारातले तीन. पाऊण! दौंडच्या बाजारात पोत्यावर बसून ऐकलेली पाऊणकी, तीच ती. आण्याला पावणेएकोणीस.

अजूनही त्या बोलल्या नाहीत. एकेकाचे आणे घेऊन पुढं गेल्या. घाई केली नाही, आणि ह्या खेपेला दुप्पट करायचीही राहिली नाही. मग चौघांची बेरीज मनात केली. तीनशे भरले तेव्हाच डोळे उघडले. बाराला अजून थोडी मिनिटं होती.

"भावजींस्नी एक तास साडेबावन्न मिनटं. रशीदभाई सव्वा तास. आमाला सव्वा तास." त्यांनी पोपटकडं पाहिलं. "पोपट, तुजं साडेसदतीस. पयली पाळी तुजी. पर आधी तुज्या मोबाईलवर ताडून बघ. एकदा चुकलीय मी तुज्या बाबतीत."

पोपट उठला. मोबाईल त्याच्या हातातच होता. तो त्यानं खिशात घातला आणि खोरं उचलून खांद्यावर घेतलं.

"काकू, तुमी येळ घेतला न्हवं?" तो म्हणाला. "मंग बघायचं कशाला?"

आणि तो कॉक फिरवायला गेला.